फूल, दोन पाने आणि आडवी बाटली

मंडळाच्या स्मरणिकेसाठी यंदा काही तरी लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा हळदीकुंकवाची जुनी आठवण किंवा पापड-लोणच्याच्या उद्योगाचा हिशेब लिहावा, असे मनात होते. परंतु गेल्या श्रावणात मंडळाच्या बैठकीत एक गोष्ट घडली आणि लेखाचा विषय आपोआप ठरून गेला.

सीमेवरच्या गावात दिलेली आपली एक भगिनी त्या दिवशी माहेरी आली होती, ती बैठकीला बसली. तिचे आजेसासरे मराठवाड्यातून दुष्काळात पोट घेऊन माणिकगड पहाडावर आलेले. बोलता बोलता तिने पिशवीतून दोन कार्डे काढून सतरंजीवर ठेवली. एक महाराष्ट्राचे, एक पलीकडच्या राज्याचे. दोन्हींवर तिच्या सासूबाईंचाच फोटो. आम्ही हसलो. ती मात्र हसली नाही. म्हणाली, "बाई, आमचं गाव कुठल्या राज्यात टाकायचं ते ठरलं, तवा आमच्या आजेसासूला कुणी इचारलं व्हतं का?"

मी आयुष्यभर मुलांना नागरिकशास्त्र शिकविले. कोणाला किती मते पडली की कोण निवडून येते, विधेयकाचा कायदा कसा होतो, हे फळ्यावर शेकडो वेळा लिहिले. परंतु ह्या साध्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी मला चटकन देता आले नाही. घरी आल्यावर पुस्तके काढली. जे सापडले ते आपणां सर्वांपुढे ठेवते.

प्रथम आपल्याच मुलखाची गोष्ट. जिवतीचा हा पहाड पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. तालुका राजुरा. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि संस्थान भारतात आले. त्याआधीच्या वाटाघाटींत प्रजेचा कौल घ्यावा अशी गोष्ट निघाली होती, पण तडजोड फिसकटली आणि कौलही राहिला. पुढे भाषावार प्रांतरचनेची चळवळ झाली. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर ह्या तिघांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये अहवाल दिला. संसदेने १९५६ चा कायदा केला. त्या कायद्यातील एका ओळीत आदिलाबाद जिल्ह्याचा किनवट तालुका, राजुरा तालुका आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ मुंबई राज्याला देण्यात आले. १ नोव्हेंबर १९५६ ह्या दिवशी आपण हैदराबादचे मुंबईकर झालो, आणि तेही नांदेड जिल्ह्यात. राजुऱ्याहून नांदेड केवढे लांब! १९५९ मध्ये हे ध्यानात आले आणि तालुका चांदा जिल्ह्याला जोडला गेला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाले. म्हणजे चार वर्षांच्या आत एखाद्या बाईने घराचा उंबरठा न ओलांडता दोनदा राज्य बदलले आणि दोनदा जिल्हा बदलला.

ह्या सर्व काळात पहाडावरच्या कोणत्याही पाड्यावर मतपेटी आली नाही. बहुसंख्य लोक कोणती भाषा बोलतात हे जनगणनेच्या तक्त्यांवरून पाहिले गेले. मराठी की तेलुगु, असा तो प्रश्न होता. गोंडी आणि कोलामी बोलणारी जी मूळची वस्ती, तिच्या भाषेसाठी त्या तक्त्यात रकाना असला तरी तिच्यासाठी राज्य नव्हते. ज्या जोडेघाटच्या डोंगरात १९४० मध्ये कुमराम भीम निजामाच्या पोलिसांशी लढताना पडला, तो डोंगर सीमेच्या पलीकडे गेला. त्याचे नाव घेऊन दिवा लावणारी घरे दोन्हीकडे राहिली. आणि परमडोली, कोठा, मुकदमगुडा, महाराजगुडा, अंतापूर, लेंडीगुडा अशा चौदा गावांवर तर दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला. तेथे दोन शाळा, दोन ग्रामपंचायती, दोन रेशनकार्डे अशी परिस्थिती वर्षानुवर्षे राहिली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीतही तेथील मतदारांची नावे दोन्हीकडच्या याद्यांत असल्याची चर्चा झालीच.

तर त्या भगिनीला उत्तर असे की, नाही बाई, कोणी विचारले नाही. आणि कायद्याने विचारण्याची गरजही नव्हती. आपल्या राज्यघटनेचे तिसरे कलम सांगते की, नवे राज्य करणे, सीमा बदलणे, नाव बदलणे हे संसदेच्या हाती आहे. संबंधित राज्याच्या विधानसभेचे मत फक्त मागवायचे. ते मानलेच पाहिजे असे नाही. पलीकडचे तेलंगण २०१४ मध्ये झाले तेव्हा आंध्र प्रदेशच्या विधानसभेने त्या विधेयकाविरुद्ध ठराव केला होता. तरीही संसदेने कायदा केला आणि २ जूनला राज्य जन्मले. म्हणजे आमदारांचे मतसुद्धा बांधील नाही, मग आजेसासूबाईंचे कोठून असणार?

घटनादुरुस्तीचेही तसेच. संसदेत दोन-तृतीयांश मते पाहिजेत, काही बाबतींत निम्म्या राज्यांच्या विधानसभांची संमती पाहिजे. लोकांपुढे ती जात नाही. एकदा मात्र जाण्याची वेळ आली होती. आणीबाणीनंतर १९७८ मध्ये जनता सरकारने जे घटनादुरुस्ती विधेयक आणले, त्यात घटनेचा पायाच बदलायचा असेल तर लोकांचे सार्वमत घ्यावे, असे एक कलम होते. लोकसभेत ते पार पडले, राज्यसभेने ते गाळले. पुन्हा कोणी फारसे नाव काढले नाही.

जगात सगळीकडेच असे नाही. अमेरिकेतील प्रत्येक राज्याची स्वतःची घटना असते. (आपल्याकडे अशी वेगळी घटना फक्त जम्मू-काश्मीरला होती, तीही २०१९ पर्यंतच.) तेथील घटनेत एखादा शब्द बदलायचा असला तरी विधिमंडळाने ठराव करून भागत नाही, डेलावेअर हे एक राज्य सोडले तर बाकी सर्व राज्यांत ती दुरुस्ती मतदारांपुढे ठेवावी लागते. निवडणुकीच्या दिवशी उमेदवारांच्या नावांबरोबर प्रश्नही छापलेला असतो आणि राज्यभरचे लोक त्याला होय की नाही ते सांगतात. ऐकायला फार छान वाटते. परंतु भगिनींनो, ह्या छान पद्धतीचा बायकांना आलेला अनुभव ऐकण्यासारखा आहे.

स्त्रियांना मताचा अधिकार द्यावा की नाही, हाही राज्याच्या घटनेतील दुरुस्तीचा प्रश्न होता. तो मतदारांपुढे गेला. मतदार कोण? पुरुष! घरात बायकोने हाताला चटके घेत भाकरी भाजायची आणि नवऱ्याने जेवून, हात धुऊन, तिला मत असावे की नसावे हे ठरवायला बाहेर पडायचे. कॅन्सस राज्यात १८६७ मध्ये असा पहिला कौल झाला, बायका हरल्या. तेव्हापासून देशभरच्या अधिकारापर्यंतच्या बावन्न वर्षांत पुरुष मतदारांपुढे असे छप्पन्न कौल लढवावे लागले, असा हिशेब कॅरी चॅपमन कॅट ह्या चळवळीतल्या पुढारी बाईंनी मागाहून मांडला. छप्पन्न! आणि ते कौल लोकांपुढे ठेवावेत म्हणून विधिमंडळांचे उंबरे झिजविण्याच्या मोहिमा वेगळ्या, त्या चारशे ऐंशी.

त्यांतला कॅलिफोर्नियाचा कौल मला फार आवडतो. १८९६ मध्ये तेथे एकदा हार झाली होती. पंधरा वर्षांनी, १० ऑक्टोबर १९११ रोजी पुन्हा मतदान झाले. सॅन फ्रान्सिस्को शहराने विरोधात मते दिली आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी पराभवाच्या बातम्या छापूनही टाकल्या. मग शेतीवाडीच्या दूरच्या भागांतून हळूहळू मोजणी येऊ लागली आणि पारडे फिरले. अखेर १,२५,०३७ विरुद्ध १,२१,४५०. साडेतीन हजारांच्या आसपासच्या फरकाने एका मोठ्या राज्यातील साऱ्या बायकांना मत मिळाले, आणि ते आपल्यासारख्या खेड्यापाड्यांच्या जोरावर. शहाणपण शहरातच पिकते असे मानणाऱ्यांनी ही आकडेवारी जरूर पाहावी.

स्वित्झर्लंडची कथा याहून विलक्षण. तो देश लोकांना उठल्यासुटल्या विचारण्याबद्दल प्रसिद्ध. तेथे १ फेब्रुवारी १९५९ रोजी पुरुषांनी शंभरातल्या सदुसष्ट मतांनी बायकांचा मताधिकार फेटाळला. त्या वेळी आपल्याकडे दोन सार्वत्रिक निवडणुका होऊन गेल्या होत्या आणि अंगठा उमटविणाऱ्या कोलामिणीलाही मत होते! तेथे ७ फेब्रुवारी १९७१ ला होकार मिळाला. ॲपेन्झेल इनरऱ्होडन नावाच्या एका चिमुकल्या प्रांतात तर पुरुषांनी मैदानात जमून हात वर करून १९९० च्या एप्रिलमध्येसुद्धा प्रांताच्या कारभारात बायकांना मत नाकारले. शेवटी त्याच वर्षी तेथील वरिष्ठ न्यायालयाने निकाल देऊन दार उघडले.

तेव्हा लोकांना विचारले म्हणजे न्याय झालाच असे नाही. कोणत्या लोकांना विचारले हे आधी पाहावे. आपल्याकडे बायकांचे मत पुरुषांच्या कौलावर सोडले नाही, १९५० च्या घटनेने एका झटक्यात दिले, हे आपले भाग्यच. मात्र त्यातही एक ठेच लागली होती. पहिल्या निवडणुकीच्या याद्या करताना कित्येक बायकांनी स्वतःचे नावच सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच लिहून दिले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी असली नावे चालणार नाहीत असे ठरविले आणि सुमारे २८ लक्ष बायका यादीतून गळाल्या. आपल्या मंडळाच्या नोंदवहीत सुरुवातीची काही पाने "अमक्यांच्या सौ." अशीच भरली आहेत. ती पाहिली की मला त्या २८ लक्ष आठवतात.

आता मुख्य गोष्टीकडे वळते. स्वतंत्र भारतात आपल्या मराठी मुलखाला लागून एका संपूर्ण प्रदेशाला, राज्य कोणते ते तुम्हीच सांगा, असे खरोखर विचारले गेले ते एकदाच, गोव्यात. त्याआधी जुनागढला फेब्रुवारी १९४८ मध्ये कौल झाला होता, पण तेथे निकाल आधीच उघड होता. १,९०,८७० मतांपैकी पाकिस्तानच्या बाजूने फक्त ९१ पडली. गोव्याचे तसे नव्हते. तेथे खरीच लढत झाली.

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगिजांच्या जोखडातून सुटला. १९६३ च्या डिसेंबरात पहिली निवडणूक झाली आणि महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे दयानंद तथा भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. कुळांचे, कष्टकऱ्यांचे, बहुजनांचे ते पुढारी. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा हे त्यांच्या पक्षाचे ध्येय. मराठी ही आमची देवाधर्माची, शाळेची, कीर्तनाची भाषा, असा त्यांचा दावा. समोर डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष. गोवा वेगळाच राहावा, कोकणी ही आमची भाषा आहे, महाराष्ट्रात गेलो तर एका कोपऱ्यातला जिल्हा होऊन राहू, असे त्यांचे म्हणणे. विधानसभेत बांदोडकरांकडे बहुमत होते. ठराव करून मोकळे होता आले असते आणि १९६५ मध्ये तसा ठराव झालाही. परंतु निवडणुकीत आम्ही पक्षाला मत दिले, विलीनीकरणाला नव्हे, अशी हरकत निघाली. थेट लोकांनाच विचारा, अशी मागणी झाली. काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर यांनी दिल्लीत त्यासाठी पाठपुरावा केला. अखेर इंदिरा गांधींच्या काळात, डिसेंबर १९६६ मध्ये, संसदेने ह्या एका कामासाठी खास कायदा केला.

मला ह्यातल्या दोन गोष्टींचे विशेष वाटते. एक म्हणजे सरकार हाती ठेवून कौल घेतला तर तो निष्पक्ष होणार नाही, ही तक्रार मानून बांदोडकरांचे मंत्रिमंडळ डिसेंबरच्या आरंभी पायउतार झाले. स्वतःचे स्वप्न पणाला लागलेले असताना खुर्ची सोडून मैदानात उतरायचे, ही सोपी गोष्ट नव्हे. दुसरी, कौलातील चिन्हे. सिंह आणि हात ही पक्षांची चिन्हे बाजूला ठेवून नवी चिन्हे दिली. विलीनीकरण पाहिजे त्यांनी फुलावर शिक्का मारायचा, केंद्रशासित राहायचे त्यांनी दोन पानांवर. आपल्याकडे देवाला कौल लावतात तेव्हाही फुले-पाकळ्याच चिकटवितात, उजवे पडले की होकार. गोव्यात तर ही रीत फारच. ज्या कोणी ती चिन्हे निवडली त्याच्या मनात हे होते की नाही कोण जाणे, पण देवळातल्या बाईला ती समजावून सांगावी लागली नसणार.

प्रश्नात एक उणीव मात्र होती. विलीन व्हायचे की केंद्राच्या हाताखाली राहायचे, एवढेच दोन पर्याय. आमचे स्वतःचे पुरे राज्य पाहिजे, असे म्हणणाऱ्याला तिसरे चिन्ह नव्हते. गोव्याबाहेर मुंबईला, बोटीवर, परदेशी नोकरीला असलेल्या गोमंतकीयांनाही मत असावे अशी मागणी झाली, ती मान्य झाली नाही. आपल्याकडे हंगामात कापूस वेचायला, वीटभट्टीवर गेलेल्यांची मते जशी घरीच राहतात, तसे कितीतरी जणांचे झाले असेल.

प्रचार जोरात झाला. महाराष्ट्रातून आचार्य अत्रे यांच्यासारखे वक्ते विलीनीकरणासाठी उभे राहिले. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, आपल्याच विदर्भातले, पुसदचे. पण गंमत पाहा, विलीनीकरणाविरुद्धचा सर्वांत धारदार प्रचार मडगावच्या 'राष्ट्रमत' ह्या मराठी दैनिकातून झाला! उदय भेंब्रे त्यात 'ब्रह्मास्त्र' नावाचे सदर लिहीत. मराठी वाचणाऱ्याला मराठीतूनच, महाराष्ट्रात जाऊ नका, असे सांगितले जात होते. उल्हास बुयांव गावोगाव गाणी म्हणत फिरत. मराठीवर प्रेम करणे आणि महाराष्ट्रात राहणे ह्या दोन निराळ्या गोष्टी असू शकतात, हे पुष्कळांना तेव्हा प्रथम कळले. मला स्वतःला ते कबूल करायला वेळ लागला. आम्ही शाळेत असताना गुरुजी गोव्याचा विषय निघाला की हळहळत, घरचे माणूस रुसून गेल्यासारखे. पुढे वाटू लागले, रुसायचे कारण काय? तो तर आपल्याच घरात राहिला.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. यादीत ३,८८,४३२ मतदार. मत द्यायला आले ३,१७,६३३. फुलाला १,३८,१७० आणि दोन पानांना १,७२,१९१. बाद ७,२७२. चौतीस हजार एकवीस मतांनी गोवा वेगळा राहिला. पेडणे, सत्तरी, डिचोली ह्या भागांकडे फुलाचा जोर होता, सासष्टी, तिसवाडीकडे पानांचा. हा नुसता हिंदू-ख्रिस्ती हिशेब होता असे म्हणणारे तेव्हाही होते, पण ख्रिस्ती मते तेवढी नव्हती. अनेक हिंदू घरांतूनही पानांवर शिक्के पडले असले पाहिजेत, त्याशिवाय बेरीज जुळत नाही.

त्यानंतर जे झाले ते अधिकच बोलके आहे. दोनच महिन्यांनी, मार्चअखेर, विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी बांदोडकरांच्याच पक्षाला पुन्हा निवडून दिले. तुमचे ध्येय आम्हांला नको, पण तुम्ही हवेत! १९७३ मध्ये भाऊसाहेब वारल्यावर त्यांची कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. आपल्याकडे महाराष्ट्रात बाई मुख्यमंत्री अजून व्हायची आहे. ३० मे १९८७ रोजी गोव्याला पूर्ण राज्याचा दर्जा मिळाला, म्हणजे जे तिसरे चिन्ह कौलाच्या दिवशी नव्हते ते वीस वर्षांनी मिळाले. १६ जानेवारीचा दिवस तेथे 'अस्मिताय दिस' म्हणून पाळतात.

त्याच सुमारास बेळगाव-कारवारकडील मराठी माणसे हेच मागत होती. खेडे हा घटक धरा, सलगता पाहा, भाषेचे बहुमत पाहा आणि लोकेच्छा पाहा, असे महाराष्ट्राचे म्हणणे. त्यांच्यासाठी १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला आणि गोव्याच्या कौलाच्याच वर्षी, १९६७ मध्ये, त्याचा अहवाल आला. लोकेच्छेसाठी मतपेटी काही आली नाही. गोव्याला एक न्याय, बेळगावला दुसरा, आणि परमडोलीला तर तिसराच.

इतके सांगून झाल्यावर आमच्या बैठकीत एकीने विचारले, "मग आपल्याकडं कौल कधीच व्हत न्हाई का?" तेव्हा कोपऱ्यातली दुसरी पटकन म्हणाली, "व्हतो की! बाटलीचा!" सगळ्या हसल्या, पण तिचे म्हणणे अगदी बरोबर होते.

महाराष्ट्रात २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा प्रभागातल्या एक-चतुर्थांश महिला मतदारांनी मागणी केली की दारूच्या दुकानाविषयी गुप्त मतदान घेता येते. मतपत्रिकेवर दोन चित्रे, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान राहू द्यायचे तर उभी, बंद करायचे तर आडवी. कोणा तरी कारकुनाच्या डोक्यातून निघालेली ही कल्पना मला फुला-पानांइतकीच आवडते. अक्षरशत्रू बाईलाही आडवी पडलेली बाटली ओळखता येते. घरी रोज पाहिलेली असते.

पण ह्या कौलात एक खुबी आहे, ती ध्यानात घेतली पाहिजे. आडव्या बाटलीला निम्म्याहून अधिक मते हवीत, ती पडलेल्या मतांच्या नव्हे, यादीतील एकूण मतदारांच्या. म्हणजे जी घरी बसली, जी बाळंतपणाला गेली, जी मरून गेली पण नाव यादीत राहिले, ती सगळी मते उभ्या बाटलीच्या पारड्यात! मी त्या दिवशी खडू घेऊन सगळ्यांसमोर हिशेब करून दाखविला. गोव्याच्या यादीत ३,८८,४३२ नावे. त्याच्या निम्मे १,९४,२१६. दोन पानांना पडली १,७२,१९१. आपला बाटलीचा नियम गोव्याला लावला असता तर दोन पाने चौतीस हजारांनी जिंकूनही हरली असती. एका प्रदेशाचे भवितव्य ठरवायला जेवढे बहुमत पुरले, तेवढे एक दुकान बंद करायला पुरत नाही. हा नियम कोणी केला, का केला, ते मी सांगत बसत नाही. बायकांनी मात्र ही बेरीज पाठ करून ठेवावी आणि मागणीच्या अर्जावर सही करण्यापूर्वी मतदारयादी हातात घेऊन मृतांची, परगावी गेलेल्यांची नावे आधी दुरुस्त करून घ्यावीत. अर्धी लढाई तेथे आहे.

जिल्ह्याच्या दारूबंदीला तर हाही कौल नव्हता. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी. चंद्रपुरात बायकांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, चिमूरहून नागपूरपर्यंत पायी गेल्या, तेव्हा कोठे मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि १ एप्रिल २०१५ पासून बंदी आली. २०२१ मध्ये मंत्रिमंडळानेच ती उठविली. बंदी असतानाही चोरटी दारू येतच होती, हे खोटे नाही. बंदी उठविणाऱ्यांचे तेच मुख्य कारण होते. मी त्या वादात येथे शिरत नाही. आपल्या मंडळातही दोन मते आहेत आणि ती असावीत. पण आणताना बायकांनी पायांचे फोड मोजले, उठविताना बायकांना कोणी मोजले नाही. त्या रात्री मंडळाच्या ओट्यावर ज्या चौघी-पाचजणी गप्प बसून होत्या, त्यांत मीही होते.

ओडिशातल्या नियमगिरीचे उदाहरण मी मुद्दाम सांगितले. तेथे डोंगर खणून बॉक्साइट काढायचे की नाही, हे ग्रामसभांना विचारा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये दिला. बारा पाड्यांच्या ग्रामसभा झाल्या, त्यांत डोंगरिया कोंध बायका उभ्या राहून बोलल्या, आणि बाराही सभांनी नाही म्हटले. वनहक्काच्या २००६ च्या कायद्यामुळे ते शक्य झाले. तो कायदा आपल्यालाही लागू आहे. पहाडावरच्या आपल्या ग्रामसभेत सतरंजीच्या कडेला पदर ओढून बसणाऱ्या किती जणी तोंड उघडतात, ते आपण जाणतोच.

बैठक संपता संपता दिवे लागणीची वेळ झाली होती. सीमेवरची ती भगिनी फळ्यावरचे आकडे मुलाच्या वहीत उतरवून घेत होती. सगळे लिहून झाल्यावर तिने एका आकड्यावर बोट ठेवले.

"बाई, हे सात हजार दोनशे बहात्तर कोण?"

"ती बाद मते," मी म्हटले. "शिक्का भलतीकडे पडला, दोन्हीकडे पडला, की मत बाद होते."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग दोन्ही कार्डे पदराने पुसून पिशवीत ठेवीत म्हणाली, "आमच्या सासूबाईचं बी तसंच व्हतंय बघा. चष्मा न्हाई. शिक्का दोन्ही रेघांच्या मधीच पडायचा. आता बटण आलंय ते बरं झालं."

पुढच्या महिन्याच्या बैठकीत आपण मतदारयाद्या घेऊन बसणार आहोत. ज्यांच्याकडे दोन कार्डे आहेत त्यांनी दोन्ही आणावीत, आणि शक्य असेल तर सासूबाईंनाही.